पहाटेची कॉफी कोण करतं?

नमस्कार मॅडम,

मी सोलापूर जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी पोस्टात काउंटरला आहे. वय ४४. घरापासून ऑफिस एसटीने पाऊण तास. माझं आजोळ उजनीच्या पाण्याखाली गेलं. मी ते गाव पाहिलंच नाही. पाणी ओसरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, तेवढं लांबून पाहिलंय. पण आजीने सांगितलेलं सगळं डोक्यात आहे. गाव उठलं तो दिवस, उचकटून गाड्यांत घातलेल्या दारं-चौकटी, मागे राहिलेली कुत्री. आजीने जात्याची वरची तळी तेवढी आणली, खालची तिथंच राहू दिली.

यावर कादंबरी लिहायची म्हणून तीन वर्षांपूर्वी बसले. आज हातात ६२ पानं आहेत आणि पहिलं प्रकरण अकरा वेळा लिहून झालंय. मोठे लेखक पहाटे उठून लिहितात असं वाचलं, म्हणून चारचा गजर लावला. सासूबाई वर्षभर अंथरुणावर आहेत. गजराने त्या जाग्या होतात, मग चहा, औषध, कूस बदलणं, आणि उजाडतंच. वर दिवसभर काउंटरवर डोळे मिटतात. व्हॉट्सअॅपवर आमचा लिहिणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. तिथे लोक रोजचे शब्द मोजून टाकतात, कुणी हजार, कुणी पंधराशे. मी पहिली दोन प्रकरणं तिथे टाकली होती. एकजण म्हणाले आजी फार बोलते, दुसरे म्हणाले फार गप्प आहे. मिस्टर म्हणतात, रिटायर झाल्यावर लिही. त्याला अजून सोळा वर्षं आहेत. कधी वाटतं नोकरीच सोडावी. रशियातल्या कुणी तरी २६ दिवसांत कादंबरी लिहिली म्हणे. मला मुळात सुचतच नसेल, तर सवयी लावून तरी काय उपयोग?

– एक वाचक

---

आधी तो चारचा गजर बंद करा. आजच.

मी बँकेत होते. तिशीत असताना मलाही कुठून तरी हे पहाटेचं वेड लागलं. साडेतीनला उठून लिहायचं, सातला डबे, साडेनऊला काउंटर. अडीच महिने चाललं. मग एका दुपारी माझ्या हातून एका शेतकऱ्याचे चाळीस हजार भलत्याच्याच खात्यात जमा झाले. ज्याच्या खात्यात गेले तो सज्जन निघाला म्हणून नोकरी राहिली. त्या अडीच महिन्यांत लिहिलेली पानं पुढे मी वाचली तेव्हा कळलं की झोपेत असलेल्या बाईनेच ती लिहिली होती. एकही ठेवण्यासारखं नव्हतं. तेव्हा या बाबतीत माझं ऐका.

मॅडम म्हणू नका, ते मला काउंटरपलीकडून पुष्कळ ऐकायला मिळालंय.

तुम्ही पोस्टातल्या, म्हणून पोस्टातल्याच एका माणसाची हकिकत सांगते. तुम्ही जे पहाटेचं वाचलंय ते बहुतेक त्याच्याकडूनच पसरत आलंय. अँथनी ट्रॉलप. इंग्रज कादंबरीकार, १८१५चा जन्म, १८८२ साली गेला. ३३ वर्षं ब्रिटिश पोस्टात नोकरी केली आणि कादंबऱ्या लिहिल्या ४७. इंग्लंडात रस्त्याकडेला टपालपेट्या असतात ना, त्या तिकडे आणण्याच्या कामात त्याचा हात होता. १८५२मध्ये चॅनल बेटांवर त्या पहिल्यांदा उभ्या राहिल्या, त्या त्याच्या शिफारशीवरून.

या गृहस्थाने मरण्यापूर्वी आत्मचरित्र लिहून ठेवलं, ते १८८३ साली मुलाने छापलं. त्यात त्याने आपला कारखाना उघडा करून दाखवला. पहाटे साडेपाचला टेबलाशी. पहिला अर्धा तास कालचं लिहिलेलं वाचायचं, कानाला कसं लागतं ते पाहायचं. मग समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला २५० शब्द. तीन तासांनी उठायचं, कपडे करायचे, नाश्ता करून ऑफिसला जायचं. कादंबरी सुरू करताना एक वही आखायची, तारखा आणि आठवडे घालून, आणि रोज किती पानं झाली ते त्यात मांडायचं. २५० शब्दांचं एक पान. आठवड्याला सरासरी ४० पानं. कधी २० वर आलं, एकदा ११२ झाली. एखादी कादंबरी संपली की लगेच पुढची सुरू. लोकांना हे वाचून धक्का बसला. लेखक म्हणजे वीज अंगावर पडलेला माणूस अशी त्यांची समजूत, आणि हा सांगतोय की प्रेरणेपेक्षा खुर्चीला लावलेलं चांभाराचं मेण अधिक कामाचं. नाव बरंच खाली आलं त्याचं त्या पुस्तकाने.

आता त्या पुस्तकातली जी ओळ सगळे वगळतात, ती बघा. त्याला पहाटे उठवायला एक म्हातारा मोतद्दार होता. त्या कामाचे त्याला वर्षाला पाच पौंड जादा मिळत. तो कॉफी घेऊन यायचा, आणि इतक्या वर्षांत एकदाही त्याला उशीर झाला नाही असं ट्रॉलपनेच लिहिलंय. आपल्या यशाचं श्रेय इतर कुणापेक्षा त्या म्हाताऱ्याचं जास्त, असंही तो म्हणतो. मोठ्या मनाने म्हणतो, यात वाद नाही. शिवाय रेल्वेने फिरताना पेन्सिलीने खरडलेली पानं घरी त्याची बायको रोझ शाईने उतरून काढायची.

म्हणून कुठल्याही लेखकाची दिनचर्या वाचताना मी पहिला प्रश्न हाच विचारते, की कॉफी कोणी केली? पहाटे शांतता होती म्हणे, पण मुलं कोणी निजवली होती? आपल्याकडच्या थोरामोठ्यांच्या आठवणी काढून बघा. ‘ते लिहायला बसले की घरात कुणी आवाज करायचं नाही’, हे वाक्य हटकून सापडतं. आवाज न करणारे ते ‘कुणी’ कोण? त्यांचं नाव मुखपृष्ठावर नसतं. तुमच्या घरात कॉफी करणाऱ्या तुम्ही, औषध देणाऱ्या तुम्ही, आणि लिहिणाऱ्याही तुम्हीच. पाच पौंडांचा मोतद्दार नसताना त्याचं वेळापत्रक उचलून आणलंत आणि ते जमलं नाही म्हणून स्वतःला नालायक ठरवताय.

ट्रॉलपपेक्षा तुम्हाला त्याची आई जवळची वाटेल. फ्रान्सेस ट्रॉलप. तिचं पहिलं पुस्तक आलं १८३२मध्ये, पन्नाशी उलटल्यावर. नवरा वकील, पण तिरसट, आणि कर्जबाजारी. देणेकऱ्यांना चुकवून सगळं कुटुंब बेल्जियममध्ये ब्रूजला जाऊन राहिलं. तिथे एक मुलगा क्षयाने झिजत होता आणि नवराही अंथरुणाला खिळलेला. त्या घरात ही बाई कादंबऱ्या लिहीत होती, कारण घर त्यावर चालत होतं. मुलाने लिहून ठेवलंय की आईच्या खोलीत औषधांच्या बाटल्या आणि शाईची दौत यांना सारखीच जागा होती. मुलगा १८३४च्या डिसेंबरात गेला, नवरा पुढच्या वर्षी. ती लिहीत राहिली, पंचाहत्तरी ओलांडेपर्यंत. पुस्तकं भरतात चाळीसेक.

हो, तीसुद्धा पहाटे चारला टेबलाशी असायची. पण तिला चारची वेळ जमायची ती ती वेळ पवित्र होती म्हणून नव्हे. आजारी माणसाच्या उशाशी रात्र काढणाऱ्या बाईला दिवसातली जी फट मिळाली, तिथे ती बसली. तुमची फट चारला नाही. गजराने सासूबाई जाग्या होतात, म्हणजे ती वेळ त्यांची आहे. मग तुमची कुठली?

पत्र तीनदा वाचलं मी. एसटीत पाऊण तास जाताना, पाऊण तास येताना. दिवसाला दीड तास! तिथे कुणी चहा मागत नाही. तुम्ही म्हणाल, गाडी हलते, गर्दी असते, कंडक्टर ओरडत असतो. असू दे. ट्रॉलपची सगळ्यात गाजलेली कादंबरी मुख्यतः आगगाडीच्या डब्यात लिहिलेली आहे. पोस्टाच्या तपासणीसाठी सारखं फिरावं लागायचं, मग त्याने मांडीवर ठेवायची एक पाटी करून घेतली आणि पेन्सिलीने लिहायला लागला. समोरचे चार प्रवासी बघत असायचे, त्याची सुरुवातीला लाज वाटायची, पुढे गेली. १८५८ साली तर पोस्टाने त्याला इजिप्तला धाडलं. सुएझचा कालवा तेव्हा व्हायचा होता. विलायतेची डाक अलेक्झांड्रियाला उतरायची आणि जमिनीवरून सुएझला जाऊन पुढे बोटीने हिंदुस्थानकडे यायची. ती रेल्वेने नेण्याचा करार करायला हा गेला होता. म्हणजे आपल्या मुंबईच्या टपालाच्या कामावरच म्हणायचा. इजिप्तला जाताना बोटीवर त्याला मळमळायचं. कागद टेबलावर टाकून ओकायला पळायचं, परत येऊन पुढचं वाक्य लिहायचं, असं करत त्याने हातातली कादंबरी पुढे नेली. इजिप्तमध्ये ती संपवली आणि दुसऱ्या दिवशी नवी घेतली. तुमची एसटी काही एवढी वाईट नसावी. असली तरी पोटाला सवय होते.

उभ्याने प्रवास असेल तर लिहू नका, नुसता विचार करा. हे मी तुमची समजूत घालायला म्हणत नाही. कादंबरीचं खरं काम हातात लेखणी नसतानाच चालतं. ट्रॉलपही सांगतो की पाव तासात अडीचशे शब्द उतरायचे ते पात्रं दिवसभर त्याच्यासोबत असायची म्हणून. त्यांच्याशी तो बोलायचा, भांडायचा, माफ करायचा. टेबलाशी बसेपर्यंत निम्मं झालेलं असायचं. आपल्या आज्या रात्री चुलीतला निखारा राखेखाली झाकून ठेवायच्या, म्हणजे सकाळी शेजारणीकडे विस्तव मागायला जावं लागायचं नाही. रोज लिहायचं ते एवढ्यासाठी. शब्द मोजून कुणाला दाखवण्यासाठी नाही. चार दिवस वही उघडली नाही की पाचव्या दिवशी तुमची आजी तुम्हाला ओळखत नाही, आणि तिची ओळख पटवून घेण्यातच रविवार जातो. मग पहिल्यापासून वाचावं लागतं. वाचलं की पहिलं प्रकरण खटकतं. खटकलं की पुन्हा लिहावंसं वाटतं. तुमची अकरा वेळांची भानगड इथे आहे. ते प्रकरण वाईट आहे म्हणून तुम्ही अकरा वेळा लिहिलं नाहीत. मधल्या खंडांमुळे दर वेळी तुम्ही उंबऱ्यापासून आत येताय.

तेव्हा पहिल्या प्रकरणाला आता हात लावायचा नाही. कपाटात टाका, किल्ली मिस्टरांकडे द्या. तेवढंच त्यांनाही काम. गाव पाण्याखाली जाईपर्यंत, म्हणजे कादंबरी शेवटाला लागेपर्यंत, ते बाहेर काढू नका. शेवट लिहून झाला की पहिलं प्रकरण तुम्ही बाराव्यांदा लिहाल, आणि ते एका आठवड्यात होईल, कारण तोवर कादंबरी कशाबद्दल आहे ते तुम्हाला कळलेलं असेल. सुरुवातीला ते कुणालाच कळत नाही.

एक शाळेची शंभरपानी वही घ्या. एसटीत रोज एक पान. पाठ एका बाजूला दुखली तर अर्धं पान. वाक्य अर्ध्यावर तोडून ठेवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी ‘कुठून सुरू करू’ हा प्रश्न नको. आणि तारीख टाका. तारखेचा शिक्का मारल्याशिवाय तुमच्याकडे कुठलं टपाल पुढे जात नाही, तसंच हे. बँकेत आम्ही रोजकीर्द लिहायचो, दिवसाची जमा आणि नावे, संध्याकाळी जुळली पाहिजे. माझ्या तिसऱ्या कादंबरीपासून मी तशी कीर्द ठेवते. ‘मंगळवार, एक पान. बुधवार, नाही, मुलाला ताप. गुरुवार, पाव पान, फालतू.’ तीन वर्षांची ती कीर्द माझ्याकडे आहे आणि खरं सांगते, ‘नाही’ असे दिवस ‘हो’पेक्षा फार कमी नाहीत. पण नाही लिहिलेल्या दिवसाचीही नोंद केली की तो दिवस हरवत नाही. आठवड्याला पाच पानं धरा. आजारपणं, दिवाळी, लग्नसराई, सर्व्हर डाऊन, सगळं वजा करून वर्षाला दोनशे होतात. तुमची तीन वर्षांत ६२ झाली आहेत.

ग्रुपमध्ये हा आकडा टाकायचा नाही. तुम्ही दोन प्रकरणं तिथे टाकलीत, ती चूक झाली. लोक वाईट होते असं नाही. अर्धवट भाजलेली भाकरी तव्यावरून उचलून दाखवली तर बघणारा काही तरी बोलणारच. यावरही ट्रॉलपचा एक किस्सा आहे. त्याच्या एका कादंबरीमालिकेत मिसेस प्राउडी म्हणून बिशपची बायको आहे. नवऱ्याला आणि सगळ्या धर्मप्रांताला धाकात ठेवणारी, भयंकर खाष्ट, वाचकांना आवडणारी. एके दिवशी लंडनमधल्या त्याच्या क्लबात तो लिहीत बसला असताना दोन पाद्री शेजारी बसून त्याच्याच कादंबऱ्यांवर तोंडसुख घेत होते. तीच तीच पात्रं पुन्हा आणतो, ती मिसेस प्राउडी तर नकोशी झाली, वगैरे. हा उठला, त्यांच्यापुढे उभा राहिला, आपणच तो लेखक असं सांगितलं आणि म्हणाला, घरी जातो आणि आठवड्याच्या आत तिला मारून टाकतो. आणि मारली की खरंच! १८६७च्या कादंबरीत ती पलंगाच्या खांबाला धरून उभ्याउभ्या जाते. नंतर त्याला चुटपुट लागली. तिच्या भुताची सोबत मला अजून आहे, अशा अर्थाचं तो पुढे लिहितो. दोन पाद्र्यांच्या गप्पांनी एवढ्या मुरलेल्या माणसाची ही गत, मग तुमच्या आजीला ‘फार बोलते’ आणि ‘फार गप्प आहे’ ऐकवणाऱ्यांनी तुमची काय गत करावी! ग्रुप सोडू नका, सणावाराच्या शुभेच्छा द्या. वही मात्र दाखवू नका.

२६ दिवसांचं म्हणाल, तर ती गोष्ट खरी आहे. दोस्तोयेव्स्की. १८६६चा ऑक्टोबर. एका प्रकाशकाशी भलताच करार करून बसला होता. १ नोव्हेंबरच्या आत कादंबरी दिली नाही तर पुढची नऊ वर्षं जे काही लिहील ते प्रकाशकाला फुकट छापता येणार होतं. लघुलेखन शिकणारी वीस वर्षांची एक मुलगी बोलावली, तिला सांगत गेला आणि २६ दिवसांत संपवली. पुढे त्याच मुलीशी त्याने लग्न केलं. पण त्या जुगाऱ्याच्या कादंबरीचा आराखडा त्याने तीन वर्षं आधी, १८६३मध्ये, रोमहून एका स्नेह्याला पत्रात लिहून कळवला होता. शिवाय जुगाराच्या टेबलावर स्वतः सगळं हरून झालेलं होतं, तो खर्च वेगळाच. म्हणजे २६ दिवस उतरवून घ्यायला लागले. मनात ती तीन वर्षं शिजत होती. तुमच्याही मनात तीन वर्षं शिजतेय. फरक एवढाच की तुमच्या समोर कुणी वही घेऊन बसलेलं नाही.

नोकरी सोडू नका. ट्रॉलपने सोडली, पण ३३ वर्षांनी, १८६७ साली, आणि तेव्हासुद्धा बुडणाऱ्या पेन्शनची भरपाई होईल इतके पैसे आधी गाठीला बांधून. पहिली कादंबरी छापून आली त्याला तोवर वीस वर्षं झाली होती. त्याच्या चौथ्या कादंबरीचे पहिल्या खेपेला मिळाले किती, तर ९ पौंड ८ शिलिंग ८ पेन्स. त्याने रक्कम पेन्सपर्यंत लिहून ठेवलीय, पोस्टातला माणूस ना. मराठीत कादंबरीवर घर चालवायचं म्हणाल तर मी आकडे सांगत नाही, तुम्हाला उगाच झोप लागणार नाही. श्री. ना. पेंडसे बेस्टमध्ये नोकरी करत होते. हर्णै-दापोलीकडची माणसं त्यांनी मुंबईत राहून लिहिली, आणि ‘तुंबाडचे खोत’ हे त्यांचं दोन खंडांचं धूड आलं १९८७ला, सत्तरी उलटून गेल्यावर. गावापासून लांब असणं हीसुद्धा एक सोय असते. तुम्हाला वाटतं, मी आजोळ पाहिलं नाही म्हणून लिहिता येत नाही. मला वाटतं पाहिलं असतंत तर लिहावंसं वाटलंच नसतं.

पैशाशिवाय दुसरंही कारण आहे, आणि तुमच्या ‘सुचत नाही’चं उत्तर त्यात आहे. ट्रॉलपची चांगली कादंबरी त्याला सुचली ती नोकरीमुळे. १८५१च्या सुमारास त्याला खेड्यापाड्यांत टपाल घरपोच कसं पोचवायचं याची आखणी करायला पाठवलं होतं. घोड्यावर बसून तो इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडचं गाव न् गाव हिंडला, कारण पत्र वाटणाऱ्याला दिवसाला सोळा मैलांवर चालवायचं नाही असा नियम, मग प्रत्येक वाट मोजायला हवी. तुमच्याकडे पोस्टमनचं बीट आखतात तसंच. या भटकंतीत सॉल्सबरीला पोचला. भर उन्हाळ्याची संध्याकाळ, मोठ्या चर्चचा परिसर, तिथे फिरताना त्या चर्चच्या सावलीत राहणाऱ्या माणसांची गोष्ट त्याच्या मनात आली. गंमत अशी की पाद्र्यांच्या जगाची त्याला जवळून काही माहिती नव्हती. दारं ठोठावत हिंडल्यामुळे माणसं मात्र माहीत झाली होती. आधी आयर्लंडात असतानाही एक पडकं घर दिसलं आणि पहिली कादंबरी तिथून निघाली. ते घर त्याने कशासाठी पाहिलं? पोस्टाच्या कामावर त्या गावात मुक्काम होता म्हणून.

तुमच्या काउंटरवर दिवसाला किती माणसं येतात? अंगठा मशीनवर उठत नाही म्हणून चार वेळा पदराला पुसून पुन्हा ठेवणाऱ्या म्हाताऱ्या येत असतील. आयुष्यभर शेण, शेत आणि भांडी करून त्या बोटांवरच्या रेषा पुसल्या गेल्यात, आणि मशीन म्हणतं ही बाई ती नव्हेच. उजनीतून उठलेली पिढी अजून आहे, तिच्यातल्या काही जणी तुमच्याच काचेसमोर उभ्या राहत असतील. कुणाचं खातं, कुणाची रक्कम, हे अर्थातच घरीसुद्धा बोलायचं नाही. ते विश्वासाचं आहे. पण त्या कशा उभ्या राहतात, पैसे मिळाल्यावर कुठे खोचतात, ‘आमचं गाव’ म्हणताना हात कुठल्या दिशेला करतात, ते तुमचं आहे. मी बँकेतून निवृत्त झाले तेव्हा वाटलं, आता दिवसभर लिहीन. पहिली दोन वर्षं एक ओळ धड आली नाही. माणसं यायची बंद झाली होती. मिस्टरांना हे सांगा. सोळा वर्षांनी वेळ मिळेल, आजीचा आवाज इतका ताजा राहील याची हमी कोण देणार? तुमच्या आई आहेत ना अजून? त्यांना विचारून घ्यायचं ते याच दिवाळीत विचारा.

मिस्टरांचं अजून एक. तुम्ही त्यांच्यावर रागावून लिहिलेलं नाही, पण मी थोडी रागावते. रविवारी दोन तास सासूबाईंजवळ त्यांनी बसायचं. त्यांच्याच आई आहेत. कादंबरीचं नावसुद्धा काढू नका, सरळ सांगा की दहा ते बारा मी आत आहे, डायपर कपाटात आहेत. पहिल्या रविवारी तीनदा दार वाजेल. तिसऱ्या महिन्यात वाजणार नाही. हे दोन तास आठवड्याभराची पाच पानं नीट उतरवून काढायला. रोझ ट्रॉलपचं काम तुम्हालाच करायचंय, त्याला इलाज नाही.

आता ती ६२ पानं. तुम्ही ती पाठवली नाहीत ते बरं केलंत, मी वाचलीही नसती. पण पत्रात तुम्ही गाव उठणं, गाड्या, चौकटी, कुत्री असं सगळं सांगता सांगता एक वाक्य टाकून पुढे निघून गेलात. आजीने जात्याची वरची तळी तेवढी आणली, खालची तिथंच राहू दिली. दारं-चौकटी तर सगळ्यांनीच उचकटल्या असतील, त्या कुठल्याही धरणाच्या गोष्टीत असतात. पण अर्धं जातं? अर्ध्या जात्यावर दळता येत नाही हे त्या बाईला कळत नव्हतं का? गाडीत जागा नव्हती, की खालची जमिनीत पुरलेली होती, की कुणाशी भांडण झालं होतं, की परत यायचं तिने ठरवून ठेवलं होतं? नव्या गावठाणात ती वरची तळी कुठे ठेवली? तिच्यावर पुढे काही वाटण वाटलं, की नुसतीच भिंतीला टेकून राहिली? आणि खालची अजून तिथेच असेल, पाण्याखाली?

सोमवारच्या एसटीत ते लिहा. पहिलं प्रकरण म्हणून नको, नुसतं एक पान म्हणून. आणि आईंनी काही सांगितलं तर मला एका कार्डावर कळवा. मला खरंच कळत नाहीये की तिने ती वरचीच का आणली.